साडेसात ते साडेनऊ, घरी एकटा बाबा

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो आणि विक्रोळीला नोकरी करतो. बायको मुंबईतल्या एका रुग्णालयात नर्स आहे. महिन्यातले दोन आठवडे तरी तिला दुपारची ड्युटी असते, दोन ते आठ. घरी पोचायला साडेनऊ होतात. मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा अडीच वर्षांचा. दोघांना मी सव्वासातला पाळणाघरातून घेतो आणि तिथून पुढे मी एकटा. कुकर, गृहपाठ, भरवणं, आणि मधेमधे ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज. मुलाच्या हातात फोन दिला नाही तर यातलं काहीच होत नाही. फोनशिवाय तो घास घेत नाही, पण पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, आमच्याकडे नीट जेवतो. त्याला इंग्रजी रंग आणि आकडे येतात, मात्र 'पाणी', 'आई', 'दे' असे सुटे शब्दच बोलतो, जोडून बोलत नाही. हाक मारली की बघतो, हवं ते बोटाने दाखवतो. बहीण म्हणते, हे फोनमुळेच. मुलीला टॅब हवाय. बायकोला वाटतं, निदान जीपीएसचं घड्याळ घेऊन देऊ. परवा खेळताना मुलगी 'बाबा' झाली होती आणि कंपासपेटी कानाला लावून 'हो सर, पाठवतो सर' म्हणत होती. मला ते फार लागलं. रात्री बायको येते, मुलाच्या हातात फोन बघते आणि आमचं वाजतं. दिवाळीत सावंतवाडीला जायचंय, तिथे आजोबा पोचल्या पोचल्या स्वतःचा फोन काढून देतात. सगळे फोन बंद करून टाकू का?
एक बाबा, डोंबिवली

उत्तर : आधी धाकट्याच्या बोलण्याबद्दल लिहिते. बाकीच्या गोष्टी महिनाभर इकडेतिकडे झाल्या तरी चालतील, ही चालणार नाही.

दोन वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडायला लागतात. 'बाबा ये', 'दूध नको', 'ताई गेली'. अडीच वर्षं झाली आणि असं काही येत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. 'मुलगे उशिराच बोलतात' किंवा 'याचा काकाही चौथ्या वर्षी बोलला' असं कुणी म्हणालं तरी दाखवायचं. हाकेला तो बघतो, हवं ते बोटाने दाखवतो, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. डॉक्टर या दोन गोष्टी सुरुवातीलाच विचारतात आणि दोन्ही चांगल्या खुणा आहेत. तरीही कानांची तपासणी करून घ्या. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठून राहतं. मूल मोठ्याने मारलेल्या हाकेला वळतं, पण बोलण्यातले बारीक आवाज त्याला बुजलेले ऐकू येतात आणि घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. तिथे श्रवणाची तपासणी होते आणि स्पीच थेरपीही मिळते. शिवाय २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवरची केंद्रं आहेत, त्यांच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. जाताना मावशींकडून त्याच्या शब्दांची यादी घेऊन जा. पुष्कळ मुलं घरी बोलत नाहीत ते शब्द पाळणाघरात बोलतात, आणि डॉक्टरांना दोन्हीकडचं लागतं.

हे फोनमुळेच झालं का? तुमच्या बहिणीला काळजीपोटी तसं वाटतं, पण एका मुलाबद्दल इतकं छातीठोक सांगता येत नाही. स्क्रीनपुढे जास्त वेळ असणारी मुलं उशिरा बोलतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण ज्या घरात मुलाशी बोलायला माणूस कमी पडतं त्याच घरात स्क्रीन जास्त चालते, त्यामुळे यातलं नेमकं कशाने काय झालं हे सुटं करून दाखवणं अवघड असतं. एक मात्र पक्कं आहे, लहान मूल भाषा माणसाकडून उचलतं. अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांपैकी काहींशी मँडरिन चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. समोरच्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता यायला लागले. पडद्यावर तेवढाच वेळ तेच ऐकलेल्या बाळांना ते जमलं नाही.

तुमचा मुलगा 'रेड', 'ब्ल्यू', 'वन', 'टू' म्हणतो ते त्याच्या स्मरणशक्तीचं काम आहे, आणि ती चांगलीच आहे. बोलणं म्हणजे तहान लागल्यावर तुमच्याकडे बघून 'पाणी दे' म्हणणं. त्यासाठी समोर कुणीतरी असावं लागतं, त्याचं अर्धवट ऐकून थांबणारं, पुरं करायला त्याला वेळ देणारं. तो 'पाणी' म्हणाला की लगेच भांडं पुढे करू नका. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या, 'पाणी दे? पाणी हवं?' म्हणा, श्वासभर थांबा, मग द्या. तो काही बोलला नाही तरी द्यायचंच, परीक्षा घ्यायची नाही. दिवसभरात असे प्रसंग खूप येतात आणि त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही.

अडचण अशी की साडेसात ते साडेनऊ ते 'कुणीतरी' म्हणजे तुम्हीच आहात आणि तुमचे दोन्ही हात कामात आहेत. पूर्वी याच वेळेला घरात आजी भाजी निवडत बसलेली असायची, एखादी आत्या किंवा काका आलेला असायचा, मुलं कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायची. त्या माणसांची जागा तुमच्याकडे फोनने घेतलीय. म्हणून 'सगळे फोन बंद करून टाकू का' याला मी नाही म्हणेन. फोन काढला आणि त्या दोन तासांत दुसरं काहीच बदललं नाही तर चार दिवसांत फोन परत येईल, वर आपल्याला साधं एवढंही जमलं नाही ही खंत. दोन तासांची घडी बदलली तर फोनचं बरंचसं काम आपोआप संपेल.

मर्यादा काय आहे ते आधी सांगते, कारण मला वाटतं तुम्ही गरजेपेक्षा जास्त अपराधी वाटून घेताय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर आणखी चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचंही दोन ते पाच वर्षांसाठी तेच म्हणणं आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ते दोन तासांच्या आत ठेवायला सांगतात, त्यातही अभ्यास, खेळ आणि झोपेच्या वेळेला धक्का न लावता. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मुलांनी काही पाहिलं तर तुम्ही वाईट बाबा ठरत नाही. पाळणाघरात दुपारी टीव्ही लागतो का, किती वेळ, तेवढं विचारून घ्या. ते धरून हिशेब करायला हवा.

ती वीस-पंचवीस मिनिटं फोनवर नको, टीव्हीवर द्या. माझं हे ठाम मत आहे. टीव्ही दूर असतो, दोघं मिळून बघतात, काय चाललंय ते तुम्हाला ओट्यापाशी ऐकू येतं, मधेच एखादा प्रश्न विचारता येतो. मुख्य म्हणजे मुलाच्या हातात काही नसतं, त्यामुळे बंद करताना हिसकावून घ्यावं लागत नाही. एक कार्यक्रम तुम्ही निवडून लावायचा आणि तो संपला की टीव्ही बंद. 'आता शेवटची पाच मिनिटं' हे अडीच वर्षांच्या मुलाला कळत नाही, 'हे संपलं की जेवण' हे कळतं. टीव्हीवर यूट्यूब लावत असाल तर ऑटोप्ले बंद करून ठेवा. एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ हे घरातल्या निम्म्या रडारडीचं कारण असतं.

बाकीचा वेळ? पाळणाघरातून आल्या आल्या ओट्याकडे वळू नका. आधी दोघांना कोमट पाण्याने अंघोळ घाला, बादली आणि एखादा मग घेऊन थोडं खेळू द्या. बाथरूमच्या दारात तुम्ही बसा. तुम्हीही लोकलमधून उभ्याने आलेले असता, बसायला मिळेल. दिवसभर दुसऱ्यांकडे राहून आलेल्या मुलांना आल्यावर पहिल्यांदा माणूस हवं असतं. ती दहा-पंधरा मिनिटं पूर्ण मिळाली की पुढे ती बरीच मोकळी सोडतात. पाण्याजवळ अडीच वर्षांच्या मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहून ठेवते.

मग स्वयंपाकघर. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणत असाल तर आणत राहा, त्यात कमीपणा काही नाही. वरणभात, एक भाजी, दही इतकंच रात्रीचं जेवण असू दे. दुपारी बायको ड्युटीवर निघायच्या आधी सगळं करून ठेवेल असा मार्ग मात्र काढू नका. तिच्याही दिवसाला तेवढेच तास आहेत. धाकट्याला ओट्यापासून लांब, जमिनीवर ताटात काहीतरी द्या. सोलायला मटाराच्या शेंगा, वेगळे करायला कांदे आणि बटाटे, कोथिंबिरीची जुडी, डब्यांची झाकणं. तो सोलेल कमी आणि सांडेल जास्त. सांडू दे. तुम्ही हाताने काम करता करता तोंडाने बोलत राहा. 'आता डाळ धुतो. बघ, पाणी पांढरं झालं. दोन शिट्ट्या झाल्या.' तुम्हाला हे कंटाळवाणं वाटेल, पण त्याच्या बोलण्याला याच्याइतकी मदत कशानेच होणार नाही. मोठीला तांदूळ मोजायला द्या, पाणी किती घालायचं ते वाटीने मोजू दे. दुसरीच्या मुलीला दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी हे कळतं आणि त्याचा अभिमानही वाटतो.

आता तुमचा स्वतःचा फोन.

कंपासपेटीचा तो प्रसंग तुम्हाला लागला, आणि तो तुम्ही लपवला नाहीत. मुलीने तुमच्यावर आरोप केला असं मी म्हणणार नाही. मुलं खेळात दिसलेलं करतात, उद्या ती नर्स होऊन कुणालातरी इंजेक्शन देईल. पण तिला बाबा कसे दिसतात हे तिने दाखवलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसतखेळत बोलत असते, मग ती समोरच बसून चेहरा कोरा ठेवते, काहीच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून, हात हलवून तिला परत आणायचा प्रयत्न करतं, थोड्याच वेळात कासावीस होतं. मेसेज वाचताना आपला चेहरा साधारण तसाच होतो. आपण ऑफिसचं काम करतोय, लाइट बिल भरतोय की रील बघतोय यातला फरक मुलांना कळत नाही. त्यांना फक्त खाली झुकलेलं डोकं दिसतं.

म्हणून फोन घेणं भागच असेल तर मोठ्याने सांगा. 'सरांना एक फाइल पाठवतो, मग आलो.' आणि खरंच परत या. पण त्याआधी एक वेगळी गोष्ट करून बघा. तुमच्या वरिष्ठांशी एकदा स्पष्ट बोला की साडेसात ते नऊ मी मुलांसोबत एकटा असतो, तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज मी नऊनंतर बघेन. बहुतेक पुरुष हे बोलतच नाहीत. ऑफिसात बाई हे बोलली तर लोक ऐकून घेतात किंवा कुरकुरतात, पण त्यांना ते ओळखीचं असतं. पुरुषाने 'मला मुलांना जेवू घालायचंय' म्हणणं अजून नवीन आहे. तुम्ही म्हणालात तर तुमच्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी सोपं जाईल. कामाच्या वेळेबाहेर फोन न घेण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेलं आहे, पण ते कायदा झालेलं नाही, त्यामुळे सध्या तरी हे बोलण्यावरच आहे. ज्यांच्या नोकरीत असं बोलणं शक्यच नसतं असे बाबाही आहेत, हे मी जाणून आहे. तसं असेल तर निदान दर मेसेजला फोन उचलण्याऐवजी आठ वाजता एकदा आणि नऊला एकदा बघा.

फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि बायको, पाळणाघर, घरची माणसं आणि वरिष्ठ यांचे कॉल तेवढे वाजतील असं करा. मग फोन फ्रिजवर ठेवा. खिशात असलेला फोन हाताला सापडतोच.

जेवणाकडे येते. पाळणाघरात तो फोनशिवाय जेवतो, हे वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, पण तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. त्याला जेवता येतं, भूक लागते, गिळता येतं. घरी फोन ही त्याला लागलेली सवय आहे. सवय सुटते. मावशींना विचारा, तिथे तो कुठे बसतो, कुणाबरोबर, स्वतःच्या हाताने खातो का, पुढ्यात किती वाढतात. बहुधा असं कळेल की चार मुलं पंगतीने बसतात, सगळ्यांच्या ताटात थोडंथोडं असतं आणि कुणी मागे लागत नाही. घरी तसंच करा. तिघांनी एकत्र जमिनीवर बसा. तुम्हीही तेव्हाच जेवा, नंतर बायकोसोबत थोडं खा हवं तर. बाबा जेवतोय हे बघणं अडीच वर्षांच्या मुलाला फार महत्त्वाचं असतं.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी पालकांसाठी एक विभागणी सांगितली आहे आणि मला ती फार पटते. काय वाढायचं, कधी आणि कुठे ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं ते मुलाने. स्क्रीन बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही, तोंड उघडतं आणि घास जातो, म्हणून आपल्याला 'नीट जेवला' असं वाटतं. फोन काढल्यावर तो कमी खाईल. पहिले तीन-चार दिवस खूप रडेल, ताट सरकवेल, कदाचित दोन घास खाऊन उठेल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट शांतपणे उचला. रागावू नका, गोष्टी सांगून, मागे धावूनही भरवू नका. एखाद्या रात्री कमी जेवल्याने चांगल्या तब्येतीच्या मुलाला काही होत नाही. मात्र वजन आधीच कमी असेल तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, तुम्ही त्यांच्याकडे जाणार आहातच. पाळणाघरातून आणताना वाटेत बिस्किटाचा पुडा देत असाल तर तो थांबवा. दूध किती पितो तेही बघा. या वयात दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध गेलं की जेवणाची भूक राहत नाही.

एक पाळाच, मधेच फोन देऊ नका. रडण्याला कंटाळून पाचव्या दिवशी एकदाच फोन दिलात तर त्याला कळेल की इतकं रडलं की मिळतो, आणि पुढच्या वेळी तो तितकंच रडेल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की चार दिवस आवाज येईल. सुरुवात बायकोच्या सुट्टीच्या दिवशी करा, म्हणजे पहिला दिवस तुमच्या एकट्यावर येणार नाही.

मुलीला टॅब घेऊ नका. सात वर्षांच्या मुलीला स्वतःचं असं उपकरण लागावं असं काहीही तिच्या आयुष्यात नाही. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो म्हणून ती तुमचा फोन मागत असेल तर तो तुम्ही लोकलमध्ये किंवा स्टेशनवरून चालताना नाही, घरी आल्यावर आधी वहीत उतरवून द्या. मग फोनची गरज तिथेच संपते. 'वर्गात सगळ्यांकडे आहे' याची शहानिशा करा. दोन-तीन पालकांना विचारलंत तर बहुधा कळेल की त्यांच्याही मुलांनी घरी हेच सांगितलंय. पालकांनी एकत्र ठरवलं की मुलांना सोपं जातं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला, आणि दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास-वाचन करायचं असं गावाने मिळून ठरवलं. डोंबिवलीत भोंगा शक्य नाही, पण तुमच्या मजल्यावरच्या दोन घरांशी बोलणं शक्य आहे. साडेआठला जेवणं झाल्यावर सगळी मुलं गॅलरीत पंधरा मिनिटं खेळली तरी तुमच्या मुलीचा टॅबचा हट्ट बराच खाली येईल. तिला एकटं वाटतंय, असा मला संशय आहे. लहान भावाला भरवणं, भावाचं बोलणं, भावाचं रडणं यात तिचा नंबर शेवटी लागतो. झोपण्याआधी दहा मिनिटं फक्त तिची ठेवा. गोष्टीचं पुस्तक, किंवा नुसतं शेजारी पडून बोलणं. झोपेच्या आधीचा एक तास दोन्ही मुलांना स्क्रीन नको, हे तर बालरोगतज्ज्ञही सांगतातच.

तिच्या डोळ्यांसाठी एक गोष्ट. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेला मोठा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीची मैदानावर दिली, तिथे तीन वर्षांत सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसायला लागलं, बाकीच्या शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना. उजेडात बाहेर असणं डोळ्यांना राखतं. तुम्ही पोचता तेव्हा अंधार पडलेला असतो, म्हणून हे मावशींवर सोपवावं लागेल. पाच वाजता मुलांना इमारतीच्या आवारात नेता येईल का, इतर पालकांसोबत मिळून विचारा. आणि रविवारची सकाळ पडद्याशिवाय, बाहेर.

जीपीएसचं घड्याळ आत्ता नको. ती एकटी कुठे जात नाही, शाळेतून आई आणते, पाळणाघरातून तुम्ही. ती एकटी ये-जा करायला लागेल तेव्हा हा विषय पुन्हा काढा. त्याऐवजी तुम्हा दोघांचे मोबाइल नंबर, इमारतीचं नाव आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. अशी घड्याळं मूल कुठे आहे, कुणाशी बोलतं ही माहिती कंपनीकडे पाठवत असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय, म्हणजे ती संमती तुमची आहे. पुढे कधी घ्यायची वेळ आली तर स्वस्त आणि अनोळखी कंपनीचं घेऊ नका.

तुमच्या फोनमध्ये थोडी डागडुजी एका रात्री बसून करून टाका. पैशांच्या ॲपना वेगळं लॉक, प्ले स्टोअरवर खरेदीसाठी पासवर्ड. मुलीला फोनवर काही दाखवायचंच असेल तर अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गायडेड ॲक्सेस' असतं, त्याने ती एकाच ॲपमध्ये राहते. यूट्यूब किड्समध्ये टायमर आहे, आणि फक्त तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोयही आहे. याहून जास्त काही करायची तुमच्या घरात गरज नाही. मुलांच्या हातात फोन जातच नसेल तर कुलपं कमी लागतात.

बायकोशी रात्री साडेनऊला या विषयावर बोलू नका. ती सहा तास उभी राहून, गर्दीतून येते, तुम्ही दोन मुलांना सांभाळून दमलेले असता, तेव्हा कुणीही चांगलं बोलणार नाही. तिच्या सुट्टीच्या दिवशी मुलं दुपारी झोपली की बसा आणि घराचा एकच नियम ठरवा, ती एकटी असेल तेव्हाही आणि तुम्ही एकटे असाल तेव्हाही तोच. सकाळी तिच्या घाईत फोन दिला जात असेल तर तेही मोकळेपणाने निघू दे, कुणी चुकलं म्हणून नाही, नियम टिकायला हवा म्हणून. आणि तिला विचारा, ड्युटीच्या मधल्या चहाच्या वेळेला पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करता येईल का. घरच्या माणसांशी व्हिडिओ कॉल करायला बालरोगतज्ज्ञांनी दोन वर्षांखालच्या बाळांनाही मोकळीक दिली आहे, कारण पलीकडे खरं माणूस असतं आणि ते मुलाला उत्तर देतं. फ्रिजवरचा फोन तेवढ्यासाठी खुशाल खाली काढा.

राहिली सावंतवाडी. आजोबा फोन देतात कारण नातवंडं वर्षातून एकदोनदा येतात आणि त्यांना काय आवडतं ते आजोबांना ठाऊक नसतं. फोन दिला की मूल शेजारी येऊन बसतं, हे त्यांना सापडलंय. तुम्ही मुलांसमोर त्यांच्या हातून फोन काढून घेतलात तर त्यांचा अपमान होईल आणि दिवाळी त्यातच जाईल. निघायच्या आधीच त्यांना फोन करा. धाकट्याच्या बोलण्याचं डॉक्टरांना दाखवतोय हे सांगा, आणि मदत मागा. 'बाबा, तो अजून जोडून बोलत नाही, तुम्ही रोज त्याच्याशी मालवणीत गप्पा मारा' असं म्हणालात तर ते फोन बाजूला ठेवतील, कारण त्यांना एक काम मिळेल आणि ते काम त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणारही नाही. मालवणी आणि मराठी दोन्ही कानावर पडल्याने त्याचा गोंधळ होईल ही भीती ठेवू नका, मुलांना दोन भाषा झेपतात. संध्याकाळी दोघांना मोती तलावावर फिरवायला नेणं, एक दिवस चितारआळीत नेऊन लाकडी फळं आणि भातुकली दाखवणं, हेही आजोबांवर सोपवा. चार दिवसांत थोडं मागेपुढे झालं, अंगणात बसून आजोबांच्या फोनवर दोन गाणी पाहिली गेली, तर जाऊ दे. जेवताना फोन नको, तेवढं मात्र तिथेही पाळा, आणि ते आजोबांना तुम्हीच सांगा, बायकोला सांगायला लावू नका.